फक्त पासवर्ड

पालीला बल्लाळेश्वराच्या रांगेत, हातातल्या नारळाची शेंडी नीट करत उभी असताना नूतनला धनेशचा फोन आला आणि तो म्हणाला, “वहिनी, काही नाही, फक्त पासवर्ड सांगा.” काही नाही, आणि फक्त. ज्या माणसाला काहीतरी मोठं हवं असतं तोच हे दोन शब्द एका दमात बोलतो, हे एक्कावन्न वर्षांत तिला पाठ झालं होतं. “कसला पासवर्ड?” “वाचनालयाच्या कॉम्प्युटरचा हो. आतला, मोठा पासवर्ड. सुरूच होत नाहीये. काळा पडदा आणि आणीबाणी म्हणून काहीतरी लिहून येतंय. काल दसऱ्याचा मुहूर्त होता, म्हणून आपण नवीन आवृत्ती टाकली ना त्याच्यात...” “आपण?” “म्हणजे मी. केव्हाची ती खिडकी यायची, नवीन आवृत्ती तयार आहे, नवीन आवृत्ती तयार आहे. म्हटलं साडेतीन मुहूर्तांतला एक, तुमचा त्रास वाचेल.” धनेश वाचनालयाचा कार्यवाह. एरवी त्याचं हार्डवेअरचं दुकान, माणूस वाईट नाही, आणि हीच त्याच्यातली चीड आणणारी गोष्ट होती. वाईट असता तर तिथंच दोन शब्द सुनावून मोकळी झाली असती. “पनवेलहून विनेश येतोय तीनला, त्याला फोटो पाठवला होता. तो म्हणाला डिस्क गेली. सगळं पुसून आपली नेहमीची सिस्टिम टाकून देतो म्हणाला. पासवर्ड मिळाला तर एकदा आत डोकावेल, नाही मिळाला तरी अडत नाही. कोरंच करायचंय.” “कुठली डिस्क गेली?” “ती हो, तुमच्या गाण्यांची.”

नूतनच्या मागे तिची नणंद उभी होती, पुढे कुणीतरी हळू आवाजात अथर्वशीर्ष म्हणत होतं. पासवर्ड सांगायला अर्धं मिनिट लागलं नसतं. पण तो पासवर्ड म्हणजे एक नाव होतं आणि पुढे चार आकडे, आणि ते नाव तिनं गेल्या सहा वर्षांत कुणा जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, स्वतःच्या तोंडून तर नाहीच. ते आता फोनमध्ये ओरडून सांगायचं, एक एक इंग्रजी अक्षर सुटं करून, आर फॉर राजा करत? “मी आल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “वहिनी, विनेशला चारला पेणला पोचायचंय...” “हात लावायचा नाही म्हटलं ना, धनेशभाऊ.” नारळ तिनं नणंदेच्या हातात दिला. नणंद म्हणाली, “अगं, दर्शन?” आणि नूतन म्हणाली, “तो समजून घेईल. इतर कुणी घेणार नाही.”

एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली तरी राग बसायला तयार नव्हता. नागोठण्यापर्यंत तो धनेशवर होता. मुहूर्त! मुहूर्त पाहून माणसं स्कूटर घेतात, दुकान उघडतात, हे तिला कळत होतं. पण नवी आवृत्ती टाकण्याआधी काय काय पाहायचं असतं, डिस्कवर जागा किती आहे, जुनं काय जपून ठेवायचं, याची तिनं स्वतः वही केली होती आणि ती वही कॉम्प्युटरच्या खालीच ठेवली होती. वहीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आधी हे वाचा’. ती वही कॉम्प्युटर हलू नये म्हणून त्याच्या एका बाजूला टेकण म्हणून वापरली गेली, एवढाच तिचा उपयोग. आणखी एक डिस्क द्या, गाण्यांची एक प्रत तरी वेगळी ठेवू, म्हणून तिनं सभेत तीनदा विषय काढला होता. इतिवृत्तात तीनदा आलं होतं, ‘विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले’. आणि इतिवृत्त तिनंच टाइप केलं होतं, त्याच कॉम्प्युटरवर. नागोठण्यापुढे राग विनेशवर गेला, ज्याला तिनं पाहिलंही नव्हतं. फोटो पाहून डिस्क गेली सांगणारा माणूस. डॉक्टर तरी जीभ बाहेर काढायला सांगतो.

तो कॉम्प्युटर वाचनालयात आला त्याला नऊ वर्षं झाली. गावातले एक गृहस्थ मुंबईच्या कचेरीतून निवृत्त झाले, त्यांनी कचेरीनं टाकून दिलेला डबा रेवसच्या लाँचमधून मांडीवर घेऊन आणला, आणि त्यात ही फुकटातली, कुणालाच माहीत नसलेली सिस्टिम घालून दिली. पेंग्विनचं चित्र होतं तिचं. सगळे म्हणाले हे काय, आणि मग सगळे तिच्याकडे वळले, कारण कागदावर ती वाचनालयाची मदतनीस होती, आणि कुणाला नको असलेलं काम कुणाचं हे कागदावरच लिहिलेलं असतं. ती बारावी झालेली. इंग्रजी वाचताना बोट लागायचं. पण बोट लावून लावून ती शिकली. परदेशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसांच्या चर्चा वाचायची, आपला प्रश्न मोडक्यातोडक्या शब्दांत टाकायची. तिथं टोपणनाव द्यावं लागतं. तिनं पटकन जे सुचलं ते दिलं होतं, रंगू. मग पोलंडचा एक आणि ब्राझीलचा एक असे दोन बाप्ये तिला वर्षभर ‘ब्रो’ म्हणत आले. एकानं लिहिलं होतं, ‘रंगू, माय मॅन, तू आधी नोंदी वाच, मग घाबर.’ लग्नानंतर वीसेक वर्षांनी कुणीतरी, आई सोडून, तिला त्या नावानं हाक मारत होतं. तिनं दुरुस्त केलं नाही. माय मॅन तर माय मॅन.

आई, कमळ, धवलारीण होती, लग्नातले धवले गाणारी. नाकात नथ, हातात काही नाही. लग्नघरी भटजी यायच्या आधी ती यायची, आणि हळदीपासून देव उठवेपर्यंत प्रत्येक गोष्ट तिच्या गाण्याशिवाय पुढे सरकायची नाही. मांडवाचा खांब पुरायचा तर त्याचा धवला, तांदूळ निवडायचे तर त्याचा, नवरीच्या अंगाला तेल लावायचं तर त्याचा. लिहिलेलं कुठंच नव्हतं. लिहिता येत नव्हतं म्हणून नाही फक्त, लिहून ते धड बसायचंच नाही. वाचनालयात डबा आला त्याच वर्षी नूतननं एक रेकॉर्डर मिळवला आणि दर गुरुवारी माहेरी जाऊन आईपुढे ठेवला. एक्केचाळीस तास, सगळे वाचनालयातल्या त्या डब्यात उतरवलेले. आई आधी लाजली, मग मस्तीत आली, मग थकली. एका गुरुवारी, गाणं अर्ध्यावर तोडून, ती म्हणाली, “रंगू, बंद कर गो त्यो डबा. मना पानी दे थोरा.” आणि नूतन आवाजाच्या पातळीचा काटा पाहत होती. काटा लाल रेषेच्या वर जातोय का, एवढंच पाहत होती. आई पुन्हा म्हणाली, “रंगू, आयकतेस ना गो?” आणि त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये चार सेकंद काहीच नाही. कोंबडा नाही, पंखा नाही. मग आईचा निःश्वास, आणि पुढचा धवला, तसाच, कोरड्या घशानं. ती चार सेकंदं नूतननं किती वेळा ऐकली असतील याचा हिशेब नाही. काटा कुठंही लाल रेषेच्या वर गेला नव्हता.

वडखळला ट्रकच्या रांगेत एसटी पाऊण तास उभी राहिली. वाचनालयात ती पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते आणि दारावर आंब्याच्या डहाळ्यांचं कालचं तोरण वाळत होतं. आत तिच्या खुर्चीवर विनेश बसला होता. पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, पाठीवरची बॅग मांडीवर, बोटांत पेनड्राइव्ह फिरवत. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, पडद्यावर कुंकवाचं बोट, कळफलकावर अक्षता. एक अक्षत दोन कळांच्या फटीत अडकली होती. धनेशनं पुढे होऊन बिस्लेरीची बाटली दिली. “या वहिनी. दमलात. तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तरी...” “उठा,” ती विनेशला म्हणाली. विनेश उठला, हसत. “मॅडम, टेन्शन नका घेऊ. सिंपल आहे. आवृत्तीनं डिस्क खाल्ली. होतं असं. ही सिस्टिम आपल्याकडे कोण वापरतं, बॉस?” “मी,” नूतन म्हणाली, आणि बसली.

काळ्या पडद्यावर चारच ओळी होत्या. यंत्र सांगत होतं की आपण आणीबाणीत आहोत, दुरुस्ती करायची असेल तर मुख्य पासवर्ड द्या. तिनं फटीतली अक्षत नखानं काढली. मग टाइप करू लागली. या सिस्टिमची ही एक गोष्ट तिला पहिल्यापासून आवडायची. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपका नाही, तारा नाही, किती अक्षरं झाली तेही नाही. मागे दोन पुरुष मान लांब करून उभे होते आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत ते नाव लिहीत होती, आणि ते दिसत नव्हतं. “चालत नाहीये काय?” धनेश म्हणाला. “चालतंय,” ती म्हणाली. एंटर दाबला, आणि आत गेली.

आधी नोंदी वाच, मग घाबर. नोंदी खाली खाली सरकत गेल्या, आणि लाल रंगात ती ओळ आली. गाणी जोडता आली नाहीत. कारण म्हणून यंत्रानं एका दमात पाच गोष्टी सांगितल्या होत्या. बांधणी चुकीची, किंवा पर्याय चुकीचा, किंवा सुपरब्लॉक खराब, किंवा अमुक प्रोग्रॅम नाही, किंवा आणखी काही. विनेशचं बोट तिच्या खांद्यावरून पडद्यापर्यंत आलं. “हे बघा. सुपरब्लॉक खराब. बोललो होतो ना मी? डिस्कचा पाया असतो तो. गेली.” तिचा राग उसळून आला. “पाच कारणं दिलीयेत,” ती म्हणाली. “तुम्ही मधलंच का उचललंत?” “मॅडम, एक्स्पीरियन्स.” “अनुभव असलेला माणूस पहिल्यापासून वाचतो.” धनेशनं घसा खाकरला. “वहिनी, त्याचा राग नका काढू. आपण असं करू, वाचनालयाची पुस्तकांची यादी तरी वाचते का बघू. गाणी काय...” तो थांबला. थांबला म्हणून बरं. ‘गाणी काय’ याच्यापुढे मराठीत जे जे शब्द येऊ शकतात ते सगळे तिला ऐकू आले होते. गाणी काय, आता युट्यूबवर सगळं मिळतं. गाणी काय, हल्ली लग्नाला डीजे असतो. गाणी काय, म्हातारी गेलीच की.

“निदान एक कराच,” विनेश जरा नरमून म्हणाला. “त्या डिस्कच्या ओळीत एक शब्द घाला, नसली तरी चालेल अशा अर्थाचा असतो बघा. मशीन सुरू तरी होईल. ती डिस्क नाही म्हणून अख्खं मशीन अडून बसलंय.” तो शब्द तिला माहीत होता. नऊ वर्षांपूर्वी पोलंडच्या त्या माणसानंही हेच सांगितलं होतं, घालून ठेव, सोयीचं असतं. आणि तिनं घातला नव्हता. सुरू होताना यंत्र एक छोटी यादी वाचतं, कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची, आणि त्या यादीत आईच्या आवाजासमोर ‘नसली तरी चालेल’ असं आपल्या हातानं लिहायला तिची बोटं तयार झाली नव्हती. तेव्हा तो नुसता हट्ट वाटला होता, आता वेगळंच काही ध्यानात येत होतं. तो शब्द घातला असता तर यंत्र गुपचूप सुरू झालं असतं. पुस्तकांची देवघेव झाली असती, धनेशनं पेढे वाटले असते, आणि गाणी नाहीत हे कुणाला वर्षभर कळलं नसतं. साऱ्या गावात हा एकच डबा होता जो त्या डिस्कवाचून पुढे जायला नकार देऊन बसला होता. तिनं त्याच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा गरम होता. आणि हाताला कुंकू लागलं.

बाजूच्या पत्र्याचा स्क्रू अर्धवट पिळलेला होता. तिनं यंत्र बंद केलं, वायर काढली आणि पत्रा सरकवला. आत धुळीचा कण नव्हता. नऊ वर्षांत इतकं स्वच्छ पोट तिनं पाहिलं नव्हतं. दोन डिस्क एकावर एक, धाकटी जिच्यावरून यंत्र सुरू होतं ती, आणि थोरली गाण्यांची. दोघींच्या कपाळावर, म्हणजे वरच्या कागदी चिठ्ठीवर, हळदीकुंकवाचं एक एक बोट. खाचेत बसवलेल्या डिस्कच्या त्या जागी कुणाचं बोट पोचूच शकत नाही. “धनेशभाऊ,” ती अगदी हळू म्हणाली, “पूजेच्या आधी ह्या बाहेर काढल्या होत्यात?” “मग? हत्यार घासूनपुसून नको का ठेवायला?” धनेशला अभिमान वाटत होता. “आवृत्ती टाकून झाली, कॉम्प्युटर म्हणाला आता बंद करून सुरू करा. मी म्हटलं बंद करतो, पण सुरू उद्या. पूजेच्या दिवशी हत्याराला काम सांगत नाहीत. मग वेळ होता तर उघडला, ब्रशनं साफ केला, दोघींना पाटावर ठेवलं, जशाच्या तशा परत बसवल्या.” “वायरी?” “वायरी सारख्याच आहेत हो दोन्ही. लाल.” “कुठली कुठं लावली?” धनेशनं विनेशकडे पाहिलं. विनेशनं आत पाहिलं, आणि त्याच्या बोटांतला पेनड्राइव्ह फिरायचा थांबला. “अरे देवा,” तो म्हणाला. “वायरींची अदलाबदल झालीय. आवृत्तीचा संबंधच नाही.”

तिला हसू येत होतं आणि धनेशच्या थोबाडीतही द्यावीशी वाटत होती, आणि यांतलं काही करण्याआधी तिला त्या यादीतली स्वतःची ओळ आठवली. यंत्र पुन्हा लावून, पुन्हा तो न दिसणारा पासवर्ड लिहून तिनं यादी उघडली. वरच्या ओळी सिस्टिमनं स्वतः लिहिलेल्या होत्या आणि तिथं प्रत्येक डिस्कचं तिचं स्वतःचं नाव होतं, छत्तीस खुणांचं, आकडे आणि अक्षरं, लांबलचक, जन्मतःच मिळालेलं. ती डिस्क कुठल्याही भोकात लावा, दुसऱ्या यंत्रात न्या, ते नाव तिच्याबरोबर जातं. आणि सगळ्यात खाली, नऊ वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या हातानं घातलेली एकच ओळ होती. तिथं नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं, दुसऱ्या जागेवरची डिस्क, पहिला भाग. नाव टाइप करायचा कंटाळा आला होता तेव्हा. म्हटलं होतं, दुसऱ्या जागी हीच तर बसते, कोण हलवतंय. आता दुसऱ्या जागी धाकटी बसली होती. यंत्रानं दुसऱ्या जागेवर जाऊन गाणी मागितली होती, तिथं भलतीच बांधणी भेटली, आणि बिचाऱ्यानं पाच कारणांत पहिलंच खरं सांगितलं होतं.

म्हणजे वाटेत धनेशवर, विनेशवर, सभेवर, इतिवृत्तावर आणि वडखळच्या ट्रकांवर काढलेल्या रागातला मोठा वाटा परत घेऊन स्वतःच्या पदरात टाकायला हवा होता. तिनं टाकला, पण सगळा नाही. तिला जागेवरून हाक मारणारी माणसं काय कमी होती? वाचनालयातल्या बाई. जीवनची बायको. वहिनी. आणि नूतन तरी काय, मांडवात ताटभर तांदळात नवऱ्याच्या अंगठीनं काढलेलं नाव. सासू म्हणाली होती, रंगू फार जुनाट वाटतं. ते तांदूळ नंतर सगळ्या बायकांनी हसत हसत सारखे केले आणि शिजवलेही असतील. धवला गाणारी बाई त्या दिवशी तिची आईच होती. नाव बदलण्याच्या वेळेला ती गायली नाही. घसा बसलाय म्हणाली, आणि पाचच मिनिटांनी पुढचा धवला खणखणीत म्हणाली. डिस्क पुसून कोरी केली की तिलाही नवीन छत्तीस खुणांचं नाव मिळतं, जुनं कुठंच राहत नाही, हे नूतननं पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिनं ती ओळ बोट लावून पुन्हा वाचली होती. आणि तरी तिनं त्या डिस्कला तिच्या नावानं बोलावलं नव्हतं. लोकांनी आपल्याशी जे केलं तेच आपण आळसानं आईशी केलं, याचा राग कुणाला पाठवायचा?

तिनं डिस्कांची नावं मागवली. थोरलीचं नाव पालीच्या तिकिटाच्या मागे उतरवून घेतलं, एक एक खूण दोनदा तपासत. विनेश शेजारी स्टूल ओढून बसला आणि न सांगता मोठ्यानं वाचू लागला, “सात, सी, चार, एफ...” शेवटपर्यंत. जुनी ओळ तिनं खोडली, नवी लिहिली. “आणि तो शब्द?” विनेश म्हणाला, “नसली तरी चालेल वाला?” “चालणार नाही,” ती म्हणाली. विनेशनं मान डोलावली. मग तिनं यादीतलं सगळं जोडायचा हुकूम दिला. पडद्यावर काहीच आलं नाही. या सिस्टिममध्ये काहीच न येणं म्हणजे सगळं झालं असतं, पण हे धनेशला कुणी सांगायचं. “काय झालं? गेली?” “आहे,” विनेश म्हणाला, आणि बॅगेतून एक नवी कोरी डिस्क काढून तिच्यापुढे ठेवली. “मॅडम, आधी कॉपी घ्या. पेण राहू दे.” तिनं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “मी पहिल्यापासून वाचलं नाही,” तो म्हणाला. “बसा,” ती म्हणाली. “चहा सांगा हो, धनेशभाऊ.”

चहा आला, कॉपी चालू राहिली, आणि धनेश कपाच्या कडेवरून म्हणाला, “रागावू नका वहिनी, पण उद्या तुम्ही पालीला नाही, आणखी लांब कुठं असलात तर? कुणाला तरी पासवर्ड ठाऊक हवा की नाही?” सकाळपासून तो पहिल्यांदाच बरोबर बोलला होता आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. “हवा,” ती म्हणाली. तिनं पासवर्ड बदलायचा हुकूम लिहिला. नवा पासवर्ड दोनदा लिहावा लागतो, दोन्ही वेळा न दिसणारा. तिनं वाचनालयाच्या नोंदणीचा क्रमांक आणि गावाचं नाव घातलं, जे कुणालाही सांगता येईल असं, आणि धनेशला ते ‘आधी हे वाचा’च्या वहीत पहिल्या पानावर लिहायला लावलं. त्यानं जीभ दातांत धरून लिहिलं. आता तिचं ते जुनं नाव कशाचीच चावी नव्हतं.

“एखादी लावून तर बघू,” विनेश म्हणाला. “खात्री नको?” कुठली लावायची याचा तिला विचार करावा लागला नाही. बोटं तिथंच गेली. वाचनालयात आईचा आवाज भरला, तांदूळ निवडायचा धवला, प्रत्येक ओळीच्या शेवटी खाली उतरणारा. धनेशनं कप खाली ठेवला. “कमळमावशी,” तो म्हणाला. “माझ्या लग्नाला हीच होती.” आणि मग गाणं अर्ध्यावर तुटलं.

“रंगू, बंद कर गो त्यो डबा. मना पानी दे थोरा.”

धनेश जरा पुढे झाला. “रंगू कोण हो, वहिनी?”

“रंगू, आयकतेस ना गो?” आई म्हणाली, आणि ती चार सेकंदं सुरू झाली.

“व्हय,” नूतन मोठ्यानं म्हणाली. “आयकतंय, आये.”